पाट्याचं वय

गडहिंग्लजच्या एसटीत पुढच्या बाकावर एक आजी पायाशी दगडी पाटा ठेवून बसली होती. कंडक्टर आला.

"आजी, पाट्याचं लगेज तिकीट काढा."

"का म्हणून? पंच्याहत्तरीच्या पुढं फुकट हाय न्हवं?"

"ते माणसांना!"

"ह्यो तर ज्वालामुखीचा रस थिजून झालाय. साडेसहा कोटी वर्सांचा हाय! माझी नात भूगोल शिकवती, तिनंच सांगितलंय."

"आणि तुमचं वय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग उठा. ही शीट ज्येष्ठांची हाय. थोरल्याला खिडकीजवळ बसवा, तुम्ही दांडी धरून उभ्या ऱ्हावा."

"गडहिंग्लजपतोर?"

"थोरल्यांचा मान ठेवायला नको व्हय?"

"कशाचा थोरला, मेल्या? दगड हाय त्यो. फाड तिकीट!"