शेवट फसलेला सिनेमा

रविवार, दुपारचे चार. आदिलाबादेत आमच्या सिनेमा मंडळाच्या अध्यक्षांचा दिवाणखाना. व्हिडिओ कॅसेटचे दिवस होते ते. सभासदानं सुचवलेला सिनेमा आधी अध्यक्ष एकटे बघणार, त्यांनी पास केला तरच तो मंडळात दाखवायचा, असा नियम. सिनेमातलं सगळं त्यांनाच कळतं, असं त्यांचं मत होतं.

जवळच्या बेला गावचे एक मास्तर मंडळाचे सभासद होते; ते दोन वर्षं एकाच मराठी सिनेमाची शिफारस करत होते. अखेर मीच नागपुराहून तो आणून अध्यक्षांकडे पोचता केला.

"मास्तर, तुमचा सिनेमा नापास," अध्यक्ष म्हणाले.

"काऊन जी?"

"सुरुवात बरी हाये. शेवट पार फसला."

जमलेले बाकीचे सभासद माना डोलवू लागले. "शेवटात दम पायजे," एक वकील म्हणाले.

मी पिशवीतून कॅसेट काढून टेबलावर ठेवली. "साहेब, सिनेमा दोन कॅसेटचा आहे. ही दुसरी माझ्याकडेच राहिली होती."

"चहा घ्या, थंड होऊन राह्यला," अध्यक्ष म्हणाले.

मंडळाच्या वहीत ठराव तसाच आहे: शेवट कमकुवत, सिनेमा नामंजूर. खाली सात सह्या आहेत. त्यातल्या एकानंही तो शेवट कुठं पाहिला, हे आजवर सांगितलेलं नाही.