माणिकमावशीची दालमिल

नातीच्या लग्नाच्या वर्षी परदेशातली लढाई थांबली. तेव्हा अकोटच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी लढाईमुळे तिकडची नोकरी सोडून परतलेला बंडू अन् त्याची माणिकमावशी बसली होती.

“मावशी, कंपनी मले वापस बोलावून राहिली.”

“अन् तुमी दोघा भावायनं, तुनं अन् माह्या श्यामनं, तिकडून पैसे धाडून काढलेली दालमिल?”

“पहिल्याच तुरीची चुरी झाली. आपली दाळ कोण घेईन?”

“तेल लावून उन्हात वाळवल्याबिगर भरडली कावून? चुरी ढोरं खातीन. आता मी वाळवीन, तू मशीन चालव.”

“पुन्हा बिघडली तं?”

“तं पुन्हा भरडू. तुह्यासारखे परतलेले पोट्टे गावात रिकामे बसले, त्यायले काम कोण देईन?”

“श्याम असता तं हिंमत झाली असती.”

“माहा श्याम येत नाही, बंडू. तो तिकडं बॉम्बनं मेला, गेल्या पोळ्याले.”