डावा कौल

(पोशीरची वेस. रस्त्याकडेला शेंदूर लावलेला दगड, शेजारी एक रिक्षा उभी. सकाळचे नऊ वाजून गेले आहेत.)

भागूबाई : डावा दिला म्हंजे डावा दिला, मास्तरीणबाय. काल दिला, आज परत दिला. आता कशाला जायचं?

मालतीबाई : अहो भागूबाई, दवाखान्यात दहाचा नंबर आहे. तीन महिने थांबल्यावर मिळालाय. आज चुकला तर मोतीबिंदूचं ऑपरेशन थेट होळीनंतर.

भागूबाई : मग व्हळीला परत विचारू देवाला.

मालतीबाई : तोवर उरलंसुरलं दिसायचंही बंद होईल. गेल्या शुक्रवारी भाजी घेऊन आलात, तेव्हा माझ्याऐवजी कपाटाशी बोलत होतात.

भागूबाई : कपाट गप ऐकून घेत व्हतं. तुमी घेत नाय.

शब्बीर : बाई, रिक्षा चालू ठेवू का बंद करू?

मालतीबाई : बंद कर, शब्बीर. आणि तूही सांग जरा यांना.

शब्बीर : मावशी, आधी मला कळू दे. डावा म्हणजे नक्की काय?

भागूबाई : कर्जतला ऱ्हातोस आन् कौल ठावं नाय? देवाच्या दोन खांद्यांवर झेंडूच्या दोन पाकळ्या वल्या करून लावायच्या. मनातलं विचारायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको.

शब्बीर : उजवी कुणाची? तुमची का देवाची? तो तर तुमच्याकडं तोंड करून बसलाय.

भागूबाई : देवाची. सल्ला त्याचा, मग उजवा खांदा माझा कसा रं?

शब्बीर : बरोबर. शिळफाट्याला पॅसेंजर तोंडानं उजवीकडं सांगतात आणि हात डावीकडं दाखवतात, म्हणून विचारलं.

मालतीबाई : भागूबाई, एक गोष्ट सांगते. रोम नावाचं मोठं राज्य होतं.

भागूबाई : कर्जतच्या पुढं?

मालतीबाई : पुष्कळ पुढं. तिथले लोक लढाईला निघण्याआधी देवाला विचारायचे, ते कोंबड्यांकडून. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांपुढे दाणे टाकायचे. अधाशासारखे खाल्ले तर देव हो म्हणाला. तोंड फिरवलं तर नको.

भागूबाई : आन् कोंबडीचं आदल्या रातीच पोट भरलं आसंल तर?

मालतीबाई : हुशार लोक तिला उपाशी ठेवत असणार. तर, एकदा एक सेनापती जहाजावर होता. कोंबड्या खाईनात. तो चिडला. म्हणाला, खात नाहीत तर पाणी पिऊ देत. आणि उचलून समुद्रात फेकल्या.

शब्बीर : मग?

मालतीबाई : मग गेला लढाईला.

शब्बीर : जिंकला?

मालतीबाई : ते इतकं महत्त्वाचं नाही.

शब्बीर : बाई, जिंकला का?

मालतीबाई : हरला.

भागूबाई : हरनारच. देवाच्या कोंबड्या बुडवल्या मेल्यानं. रस्सा तरी करायचा.

शब्बीर : बाई, चौथीत पण तुमचं असंच व्हायचं. गोष्ट सांगायला घ्यायच्यात एक शिकवायला आणि त्यातून निघायचं भलतंच.

मालतीबाई : तू गप्प बस. बरं, चीन घ्या. तिथं लाकडाचे दोन तुकडे असतात, चंद्रकोरीसारखे. एक बाजू सपाट, एक फुगीर. ते देवापुढे टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर हो. दोन्ही फुगीर वर आले तर नको. आणि दोन्ही सपाट वर आले तर देव हसला.

भागूबाई : हसला? म्हंजे?

मालतीबाई : म्हणजे प्रश्न नीट नाही, पुन्हा विचार. त्यात देवाचा अपमान नाही. मोठं काम असेल तर तीन-तीनदा विचारतात.

भागूबाई : चीनचा हसत आसंल. आमचा बहिरोबा हसनाऱ्यातला नाय. लगीन होऊन आले तवापासून बघते. एकदा सुदिक हसला नाय.

शब्बीर : आमच्यात इस्तिखारा करतात, मावशी. नमाज पढायची आणि मागायचं, की यात माझं भलं असेल तर सोपं कर, नसेल तर माझ्यापासून लांब ठेव. मी रिक्षा घेतली तेव्हा अम्मीनं केला होता.

भागूबाई : मग काय उत्तर आलं?

शब्बीर : उत्तर असं चिठ्ठी लिहून येत नाही. मन शांत होतं. अम्मीचं झालं. माझं अजून व्हायचंय, रस्ते बघून.

मालतीबाई : भागूबाई, खरं सांगा. तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटते का?

भागूबाई : चार बाळंतपनं घरात केली मी. सुईला भिते का काय?

मालतीबाई : मग देवाला विचारलंत तरी काय?

भागूबाई : विचारलं, जाऊ का? डॉक्टर म्हनतो महिनाभर वाकायचं नाय, धुराजवळ जायचं नाय. मग याचा दिवा कोन लावनार? सून ऱ्हाते कल्यानला. गावातली पोरं मान खाली घालून फोनात. चाळीस वर्सं एक सांज चुकली नाय माझी. थोरल्याच्या वक्ताला बाळंत झाले त्याच सांजेला उठून आले व्हते. आता मी डोळं करून बसायचं आन् यानं अंधारात बसायचं? म्हनून नको म्हनतो तो. त्याला बी कुनीतरी पायजे ना.

मालतीबाई : असं आहे होय.

भागूबाई : आसंच हाय.

मालतीबाई : शब्बीर, तू तिथं वाकून काय बघतोयस? नमस्कार करतोस?

शब्बीर : नाही बाई. देव जरा कललेला वाटला. डावीकडं.

भागूबाई : बसून बसून कलला आसंल. माझी बी कंबर कललीय.

शब्बीर : बाई, तुम्ही जरा इकडं येता का? मागच्या बाजूला.

मालतीबाई : काय आहे?

शब्बीर : हळू बोला. हे वाचा.

मालतीबाई : अरे देवा.

शब्बीर : तोच तर नाही हा.

भागूबाई : डोळं गेलं तरी कान शाबूत हाईत माझं. काय कुजबुजताय?

मालतीबाई : काही नाही. शब्बीर म्हणतोय, ऊन चढलं.

शब्बीर : मी नाही असं म्हटलं. बाई, तुम्हीच शिकवलंत, खोटं बोलायचं नाही. आणि दुसऱ्याच्या देवाबद्दल तर मी अजिबात बोलणार नाही.

भागूबाई : बोल रं बाबा. दोनदा डावा ऐकला, आता तुजं बी ऐकते.

शब्बीर : मावशी, या देवाच्या पाठीवर लिहिलंय, नेरळ पाच.

भागूबाई : पाच काय?

शब्बीर : किलोमीटर.

मालतीबाई : भागूबाई, हा रस्त्याचा दगड आहे. अंतराचा.

भागूबाई : (दगडावरून हात फिरवत) अंतराचा?

मालतीबाई : बसा जरा. शब्बीर, पाणी दे त्यांना.

भागूबाई : नको पानी. आसं कसं व्हईल? बांधापासून वीस पावलं. डोळं मिटून आले तरी वीस पावलं. मोजून येते मी.

शब्बीर : मावशी, रस्ता रुंद केला ना मागच्या आठवड्यात. बांध कापला. तुम्ही जिथून मोजता तीच जागा पुढं सरकली. विसाव्या पावलाला आता हा लागतो.

भागूबाई : आन् मी शेंदूर लावला याला?

मालतीबाई : चांगला दाट लावलात. पुढची अक्षरं पार बुजली.

शब्बीर : आणि टेंपोनं ठोकलेला दिसतोय. म्हणून कललाय. ऑइलपेंटचा गुळगुळीत दगड, त्यात कललेला. पाकळी डावीच घसरणार. शंभरदा विचारलं असतं तरी डावीच.

भागूबाई : गावात कुनी बोललं नाय मला?

शब्बीर : बोलतील कसे? इथं तीन करवंट्या पडल्यात. लोक नारळ फोडून गेले. मघाशी एक बाइकवाला हात जोडून गेला. खरं सांगू, मीसुद्धा येताना हॉर्न वाजवला नाही.

भागूबाई : मग माझा बहिरोबा कुठं हाय?

शब्बीर : थांबा. हा काय, मागं घाणेरीच्या झुडपात. डोक्यावर पालापाचोळा. मुंगळे फिरतायत.

भागूबाई : आठ दिस. आठ दिस दिवा नाय त्याला. आत्ताच चाळीस वर्सं म्हनले ना मी, मास्तरीणबाय? त्यातनं आठ दिस वजा करा.

मालतीबाई : मी काही वजा करणार नाही. तुम्ही दिवा लावलात ना रोज? ऐका, ही गोष्ट नीट संपते. ग्रीस देशात रस्त्याकडेचा दगड हाच देव असायचा. हर्मिस त्याचं नाव. वाटा आणि वाटसरू सांभाळायचं काम त्याच्याकडे. येणारेजाणारे त्याला तेल लावायचे, तुमच्यासारखंच. आणि जपानात वेशीवर दगडाचे छोटे देव बसवतात. गावातल्या बायका त्यांना लाल टोपडं शिवतात आणि गळ्यात लाळेरं बांधतात.

भागूबाई : देवाला लाळेरं?

मालतीबाई : लाल. तो लहान मुलांना सांभाळतो म्हणून.

भागूबाई : चांगली मानसं दिसतात. मग माझं ह्ये बी देवच झालं म्हना की.

मालतीबाई : वाट दाखवतो खरा.

शब्बीर : नेरळची दाखवतो, बाई. आपल्याला कर्जतला जायचंय.

भागूबाई : हात धर रं शब्बीर. मला माझ्या देवाकडं ने. परत विचारते.

मालतीबाई : साडेनऊ झाले.

भागूबाई : चीनमधी तीनदा चालतं म्हनला ना तुमीच?

शब्बीर : सावकाश, मावशी. इथं काटे आहेत. हं, हा बघा. हात लावून बघा.

भागूबाई : ह्योच. ह्याचा खांदा असाच खडबडीत. मुंगळं झटक रं. नको, राहू दे, मीच झटकते. बहिरोबा, चूक झाली. माझ्या पिशवीतल्या पाकळ्या द्या वल्या करून, मास्तरीणबाय. ही उजवी. ही डावी. हं. सांगा आता.

मालतीबाई : काही नाही पडलं अजून.

भागूबाई : बघत ऱ्हावा.

शब्बीर : बाई, नऊ पस्तीस.

मालतीबाई : दोन्ही चिकटून आहेत.

भागूबाई : दोनी?

मालतीबाई : दोन्ही.

शब्बीर : हा खरा दिसतोय. यालाच घाई नाही.

भागूबाई : रागावलाय. आठ दिस त्या नेरळवाल्याला फुलं घातली मी, मग बोलंल कशाला? ऐका देवा. आज अंतराच्या दगडाला दिवा लावला, उद्या म्हशीला लावीन. मला दिसलंच नाय तर तुमचं करू कसं? मी जाते. माझ्या डोळ्यासाठी नाय, तुमच्या दिव्यासाठी जाते. तुमी सवडीनं सांगा काय सांगायचं ते. मास्तरीणबाय इथं बसतील.

मालतीबाई : मी?

भागूबाई : कौल लावून असं उठून जाता येत नाय. कुनीतरी बसाया पायजे. आन् महिनाभर दिवा बी तुमीच.

मालतीबाई : अहो, मी तिकडं कर्जतला, भिसेगावात राहते. आणि जन्मभर मुलांना सांगत आले, देव मनात असतो.

भागूबाई : मनातल्याला राहू दे मनात. ह्यो वेशीवर हाय, ह्याला दिवा लागतो.

शब्बीर : मी रोज संध्याकाळी आणतो बाईंना. मोकळ्या रिक्षानं नेरळला जातोच मी सहाला.

मालतीबाई : तुला कुणी विचारलं? आणि मला वात वळता येत नाही, भागूबाई. खरंच. घरी बाजारातल्या आणते.

भागूबाई : वात येत नाय? एवढ्या देशांचं देव पाठ, आन् वात येत नाय?

मालतीबाई : नाही येत.

भागूबाई : कापूस आनलाय पिशवीत. बसा खाली. बोटभर घ्यायचा. खडा, बी काढायची. मांडीवर ठेवायचा आन् तळव्यानं पुढं लोटायचा. मागं आनायचा नाय, नायतर उलगडतो. टोकाला पीळ. समजलं?

मालतीबाई : समजलं.

भागूबाई : म्हनून दाखवा.

मालतीबाई : बोटभर घ्यायचा. बी काढायची. मांडीवर ठेवून पुढं लोटायचा. मागं आणायचा नाही. टोकाला पीळ.

भागूबाई : बरं. चल रं शब्बीर.

शब्बीर : मावशी, दवाखान्यात विचारतात, सोबत नातेवाईक कोण. फॉर्मवर काय लिहू?

भागूबाई : भाचा लिही.

शब्बीर : नाव वाचून परत विचारतील.

भागूबाई : विचारू दे. म्हनावं, मावशीला दिसत नाय, हात धरला तो भाचा.

मालतीबाई : माझी पिशवी न्या. कागद सगळे त्यात आहेत. शब्बीर, थेंब कधी घालायचे ते लिहून घे. आणि सावकाश चालव.

शब्बीर : हो बाई. तुम्ही बसा, मी परत येईन न्यायला.

भागूबाई : मास्तरीणबाय, पडली की नीट बघा हां. उजवी का डावी.

मालतीबाई : बघते. तुम्ही निघा आता.

मालतीबाई : (रिक्षा गेल्यावर) गेले. आता आपण दोघंच, बहिरोबा. मला तुमच्याशी बोलायची सवय नाही, सांभाळून घ्या. शाळेत शिकवलं ते सगळं लांबलांबच्या देवांबद्दल. तुम्ही इथंच होतात, पण अभ्यासक्रमात नव्हतात. ही वात बघा, सुरवंटासारखी झालीये. दुसरी करते. बोटभर घ्यायचा, पुढं लोटायचा. ती डावी पाकळी हलली का? वारा असेल. हे बघा, ती तुमच्या दिव्यासाठीच गेलीये, तुम्ही ऐकलंतच. आता गेली ती, डावी पडली तरी परत बोलवायची नाही. मी असं करते, जरा पाठ फिरवून बसते. वात वळायला उजेड या बाजूला बरा आहे.