गुलाबी हॉल आणि फुटलेलं मत

...आणि ऊब! म्हणे ऊब वाटते! अहो, नाशकात एप्रिल चालू आहे, इंदिरानगरात गच्चीवर पापड टाकला तर तिथंच भाजून निघतोय, आणि आमची ज्योत्स्ना, म्हणजे बायको, मला सांगते, "अहो, हा साधा गुलाबी नाही, वॉर्म पिंक आहे, हॉलला कशी ऊब येते!" कोणाला हवीय ऊब? पण रंगाचं जाऊ द्या. तुम्हाला सांगतो, दुखणं रंगाचं नाहीच... घरातलं मत फुटलं हो!

कसलं मत म्हणता? मी सरकारी कारकून, अकरा निवडणुकांची ड्युटी केलेला, त्यामुळे आमच्याकडे सगळं गुप्त मतदानानं ठरतं. चिवड्याच्या डब्यात चिठ्ठ्या! आता चौदा एप्रिलच्या जयंतीआधी घर रंगवायचं, तर हॉल गुलाबी की होता तसाच निळा? तो निळा आमच्या अण्णांनी स्वतःच्या हातानं दिलेला. वडील गेले, भिंत राहिली. बायको आणि लेक चैताली गुलाबीच्या बाजूनं, मी आणि आई निळ्याच्या. दोनास दोन! आणि समसमान झालं तर जुना रंग, हा नियम माझाच. रंगांची नावं इंग्रजीत, आईला वाचता येत नाहीत, म्हणून शेडकार्डावरचा नंबर लिहायचा, हाही नियम माझाच. मी आपला निश्चिंत! चैतालीनं डबा उघडला, एकेक नंबर कार्डाशी ताडून ओरडायला लागली, "गुलाबी! गुलाबी! निळा!... गुलाबी!" तीनास एक! म्हणजे आई? सख्खी आई? अण्णांच्या भिंतीवर उलटली? मत फुटलं हो!

आठ दिवस मी आईशी बोललो नाही. सटाण्याचा भिकन पेंटर रोलर फिरवतोय, "रंग भारी शे, दादा!" मी पेपरात डोकं घालतो. आई म्हणते, "नवनाथ, जेवून घे रे." मी ताट उचलून गच्चीवर. शेवटी राहवेना, बोलून गेलो, "अण्णा असते तर त्यांना तोंड दाखवलं असतंस का?" झालं! आईनं पिशवी भरली. "चालले मी चांदवडला, लेकीकडं. पण आधी तो डबा आण. माझी चिठ्ठी काढ."

डबा आणला. निकालानंतर चिठ्ठ्या जपून ठेवायच्या, हाही नियम माझाच! निळ्याची एकच चिठ्ठी... आकडे थरथरते, सात उलट्या तोंडाचा. तो सात आईचा हो, साठाव्या वर्षी मीच तिला शिकवलेला! अण्णांची भिंत एकट्या तिनं धरून ठेवली होती. मग गुलाबीच्या तीन. एक ज्योत्स्नाची, एक चैतालीची आणि तिसरी... टापटीप कारकुनी अक्षर, आकड्याखाली दोन रेघा, शेजारी दिनांक!

"पप्पा, नंबर चौकोनाच्या खाली असतो. तुम्ही निळ्याच्या वरचा लिहिलात. तो गुलाबीचा."

"अगं, अक्षर ओळखलं होतंस ना? मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"गुप्त मतदान ना? कोणाचं मत फोडायचं नाही, नियम तुमचाच!"

लाज वाटली हो, आईकडे बघवेना. तिनं पिशवी रिकामी केली आणि पाठीत एक धपाटा घातला, तेवढ्यावर भागलं. आणि फेरमतदान? छे! निकाल अंतिम. नियम कोणाचा, विचारू नका.

आता जयंतीला आलेले पाहुणे विचारतात, "हॉल कोणाच्या पसंतीचा?" ज्योत्स्ना सांगते, "यांच्याच मतानं झालाय!" आणि खोटं तरी कसं म्हणू? माझ्या अक्षरातला पुरावा चिवड्याच्या डब्यात आहे!