सासूबाईंचा मांडा आणि माझा पत्रा

तुम्हाला सांगते, आमच्या कारखान्यात टायटॅनियमचा पत्रा तापवून गॅसच्या दाबाने साच्यात फुगवतात. माझ्याकडून दोन पत्रे फाटले, ट्रायलला एकच उरला.

त्या रविवारी सासूबाई पुरणाचे मांडे करत होत्या, हातावर फिरवत पातळ पसरवून. त्या चांदवडच्या, हात पक्का. मी करायला घेतला तर माझा हातावरच फाटला.

"लय घाई तुला," त्या म्हणाल्या. "दमानं वाढव, आपसूक पसरतो."

सोमवारी मी दाब अगदी हळूहळू वाढवला. तासाभराने पत्रा अख्खा निघाला, खोलगट वाटीसारखा. मी हौसेने त्यांना फोनवर फोटो दाखवला.

त्यांनी तो मोठा करून नीट पाहिला. "नाय फाटला. पण मांड्यावानी कडेला जाड राह्यला असंल."

मंगळवारी तपासणीच्या रिपोर्टात तेच लिहून आलं.