भैरोबाचा स्कॅन

फुकटातलं सॉफ्टवेअर कामाचं नसतं असं तुम्ही म्हणता ना, मग आमच्या डिंभे धरणाकडचं ऐका.

आमच्या भैरोबावरचं शेंदराचं कवच तडकलं होतं. ते काढून पाण्यात सोडायचं ठरलं. पण नव्या शेंदरात चेहरा तोच यायला हवा, नाहीतर गाव ऐकणार नाही. म्हणून गुरवमामांनी मला बोलावलं. मी मोबाईलने देव चहूबाजूंनी स्कॅन केला. घरी कॉम्प्युटरवर नुसते ठिपक्यांचे ढीग. फुकटातल्या सॉफ्टवेअरने ते जोडून अखंड पृष्ठभाग केला. नाक, कपाळ, मिशा, सगळं हुबेहूब. फक्त डोळे मिटलेले.

देवाचे डोळे चांदीचे. चकचकीत वस्तूवर स्कॅन फसतो, ठिपके येतच नाहीत. तिथे भोकं राहिली आणि सॉफ्टवेअरने ती आपल्या मनाने बुजवली, पापण्यांसारखी.

कवच एकदा पाण्यात गेलं की संपलं, म्हणून तडक मामांना जाऊन मोबाईलवर दाखवलं.

"मामा, घोटाळा झाला. डोळ्यांवर तांदळाचं पीठ भुरभुरून परत स्कॅन करावा लागेल."

मामांनी मोबाईल जवळ-लांब धरून बराच वेळ न्याहाळला. "तू आलता कवा?"

"भर दुपारी. तुम्ही सभामंडपात घोरत होता."

"मग बराबर हाय की. निवद खाऊन त्यो बी झोपतो." मोबाईल माझ्या हातात देत म्हणाले, "पीठबीठ काय नगं राव. सकाळी आरतीला ये, उघडं असत्याल."