कडुनिंब नसलेला फोटो

“प्रतापनगरचा कडुनिंब तुम्हीच कापलात आणि आता मलाच विचारता, जागा हीच कशावरून?”

नारायणकाका महापालिकेच्या खिडकीवर असे कडाडले, की रांगेत मागे उभी असलेली सुनेत्रा हातातला फॉर्म भरायचा विसरली.

खिडकीतला गुजराती कारकून म्हणाला, “काका, शांती राखो ने. युद्धाच्या प्रदर्शनासाठी एकाहत्तरचा आणि आजचा फोटो जुळायला हवा. जुन्यात झाड आहे, नव्यात सेल्फी पॉइंट.”

“दोन्हींत मागची पाण्याची टाकी जुळते ना? लढाईला निघाला तेव्हा दादा त्याच झाडाखाली उभा होता. परत आलाच नाही, देहसुद्धा नाही. आई दरवर्षी त्या बुंध्याशी त्याच्या नावाने पाणी सोडायची. ती गेल्यावर मी.”

“झाड नडत होतं, काका. दुसरा फोटो आणा.”

“दादाचा दुसरा फोटोच नाही! आता पाणी कुठे सोडू, ते लिहून द्या.”